मदत हवी आहे : खुनी माणसाचं मन कसं वाचतात?

खुनामागच्या मानसिकतेवर वाचतोय आणि पार गोंधळलोय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथी (दुसऱ्याबद्दल कणव किंवा पश्चात्ताप नसण्याची वृत्ती) मोजणाऱ्या चाचणीत २० मुद्दे, ४० गुण. साधारण ३० गाठले की सायकोपॅथ. ठीक. पण कितीतरी खून ओळखीतलेच लोक करतात, भांडणात, संशयातून, अपमान गिळता न आल्यामुळे. ते या मोजपट्टीत कुठे बसतात?

आणि चार्ल्स व्हिटमन? १९६६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार केला. आधीच चिठ्ठीत स्वतःच्या शवविच्छेदनाची मागणी, आणि मेंदूत खरंच गाठ निघाली! (गाठ असलेले बाकीचे बंदूक उचलत नाहीत, हेही आहेच.)

रागाच्या भरातला खून आणि थंड डोक्याने आखलेला खून, हा फरक तज्ज्ञ नेमका कशावरून ठरवतात? कुणी गुन्हेगारी मानसशास्त्र शिकलं असेल तर सांगा ना. मालिकांमधलं ज्ञान नको, ते भरपूर झालंय.