पालेखच्या काळ्या पेट्या: देवचित्रांचं गाव इकडे कसं वळलं?

चौकट: रशियाच्या इव्हानोव्हो प्रांतातलं पालेख हे पिढीजात आयकॉन, म्हणजे ख्रिस्ती देवचित्रं, रंगवणाऱ्यांचं गाव. मग तिथे कागदी लगद्याच्या लॅकर (चकचकीत रोगण लावलेल्या) पेट्या कशा आल्या? आणि हाताने रंगवलेली पेटी ओळखायची कशी?

सुकाकुंचला: पालेखचं नाव आधीच मोठं होतं. 1882 मध्ये क्रेमलिनच्या ग्रानोविताया महालातली भित्तिचित्रं इथल्याच बेलोउसोव बंधूंनी नव्याने रंगवली. 1917 च्या क्रांतीनंतर मात्र आयकॉनची मागणी आटली. पालेखचा चित्रकार इवान गोलिकोव याने मॉस्कोत फेदोस्किनो या दुसऱ्या गावच्या लॅकर पेट्या पाहिल्या आणि तसल्या पेटीवर आपली अंड्याची टेम्पेरा (बलकात कालवलेला रंग) वापरून बघितली. डिसेंबर 1924 मध्ये सात चित्रकारांनी सहकारी संस्था काढली, पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं काम गाजलं. विषय बदलले: संतांच्या जागी त्रोइका (तीन घोड्यांची गाडी), लोककथा, शिकारी. लांबुडक्या आकृत्या आणि सोन्याच्या रेघा मात्र आयकॉनमधल्याच राहिल्या.

पिवळा_बलक: थोडी दुरुस्ती. लगदा नसतो, पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीने साच्यावर गुंडाळून दाबतात, वाळवतात, मग जवसाच्या गरम तेलात मुरवून भट्टीत सुकवतात. घाई केली की पेटी वाकते आणि झाकण बसत नाही.

रंगवायच्या आधी पेटीवरच्या गुळगुळीत काळ्या लॅकरवर प्युमिस दगडाची पूड घासावी लागते, नाहीतर पाण्यात कालवलेला रंग थेंब धरून पळतो. आकृतीखाली आधी पांढरा थर. थेट काळ्यावर लावला तर रंग मरतो. माध्यम म्हणजे बलक, पाणी आणि थोडं व्हिनेगर. बलक जास्त झाला तर थर तडकतो, कमी पडला तर हात लागताच रंग पुसला जातो. शेवटी सोनं: वर्ख गोंदात बोटाने खलून रेघा ओढायच्या आणि लांडग्याच्या दाताने घोटायच्या. न घोटलेलं सोनं मातकट दिसतं. त्यावर लॅकरचे अनेक थर आणि पॉलिश.

सुकाकुंचला: ओळखायला दहापट भिंग पुरे. छापील चित्रात रंगाचे एकसारखे ठिपके दिसतात. सोन्याची रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती हवी. सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर संशय घ्या. काळी पार्श्वभूमी मोकळी सोडलेली नसून सगळीकडे निळसर निसर्ग भरला असेल तर ती बहुधा म्स्त्योरा या दुसऱ्या गावची. फेदोस्किनोत तैलरंग वापरतात आणि रंगाखाली कधीकधी शिंपला चमकतो. दोन्ही अस्सलच असतात, पण दुकानदार सरसकट पालेख म्हणून खपवतात.

चौकट: म्हणजे किंमत विचारायच्या आधी भिंग. धन्यवाद!