दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय : आधीची तयारी आणि नंतरचे दिवस, सल्ला हवा

ओंजळ :
नमस्कार मंडळी. १६ दिवसांनी माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढणार आहेत. खडे आहेत, दोनदा मध्यरात्री उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत कळ गेली, त्यामुळे करायचं हे पक्कं आहे. डॉक्टर म्हणाले, चार छोटी छिद्रं, सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशी घरी. तेव्हापासून घरातले सगळे धरून चाललेत की आठवड्याभरात मी पूर्ववत. माझा जीव लेकीत अडकलाय. दोन वर्षांची आहे, वजन ११ किलो, आणि दिवसातून वीसदा हात वर करून 'उच्चल' म्हणते. ज्यांचं झालंय त्यांनी खरं काय ते सांगा. आधी काय करून ठेवू? पहिला आठवडा कसा जातो?

पाऊलवाट :
ओंजळ, माझं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. छिद्रं अर्धा ते एक सेंटिमीटरची, पण पूर्वी मोठा छेद घेऊन आत जे काम करायचे तेच आताही होतं. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ते तुमच्या पोटाकडे बघून म्हणतील, एवढंसंच तर आहे.

मला कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे खांदा. भूल उतरली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. मी फार घाबरले. त्याचं असं आहे की आतलं नीट दिसावं आणि हत्यारं फिरवायला जागा मिळावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. शेवटी तो काढतात, तरी थोडा उरतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास देतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याची संवेदना नेणाऱ्या नसाही तिथूनच, म्हणून दुखतं एकीकडे आणि जाणवतं खांद्यात. उरलेला वायू रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. माझा खांदा तिसऱ्या दिवशी थांबला. घरातल्या घरात दर दोन तासांनी पाच मिनिटं चालत होते, त्याने मोकळं वाटायचं.

दुसरं म्हणजे उठणं. पहिल्या सकाळी नेहमीसारखी सरळ उठायला गेले आणि बेंबीपाशी अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. मग नर्सने शिकवलं. गुडघे वाकवायचे, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत वर यायचं. पोट सैल. तुम्हाला अजून सोळा दिवस आहेत, रोज सकाळी असंच उठा, तेव्हा आपोआप जमेल. आणि एक छोटी उशी हाताशी ठेवा. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं की ती पोटाशी घट्ट धरायची. गाडीत सीटबेल्टच्या आत तीच.

रात्रपाळी :
मी शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात नर्स आहे. पाऊलवाट यांनी छान सांगितलंय, माझी थोडी भर.

घेत असाल त्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहा. काढे, जडीबुटी, वजन कमी करायची इंजेक्शनं, सगळं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं काय करायचं ते भूलतज्ज्ञच ठरवतील. स्वतःहून बंदही करू नका, चालूही ठेवू नका. उपाशी राहण्याचा साधारण नियम म्हणजे घट्ट अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी बंद. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. भुलेत खोकण्या-गिळण्याची क्रिया थांबते, पोटातलं वर आलं तर फुफ्फुसात जाऊ शकतं. 'एक घास काय होतोय' म्हणणारे असतात घरात, त्यांच्यासाठी हे सांगते.

पोटावरचे केस घरी रेझरने काढू नका. न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. बेंबी मात्र साबणाने नीट स्वच्छ करा, कॅमेरा बहुतेक वेळा तिथूनच जातो. नखांचा रंग काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो.

दुखण्याची गोळी दुखायची वाट न बघता ठरलेल्या वेळेला घ्या. कळ चढली की तीच गोळी अपुरी पडते. भूल आणि काही वेदनाशामकं यांनी आतडं मंदावतं, पहिले दोन-चार दिवस शौचाला होत नाही. कुंथू नका, पाणी प्या, चाला, पोट साफ व्हायचं सौम्य औषध आधीच विचारून ठेवा.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, सारख्या उलट्या, जखमेतून पू, डोळे पिवळे किंवा लघवी गडद : त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एका पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर तासभरही थांबू नका, ते 'वायूचं दुखणं' समजून झोपून राहू नका.

सावली :
माझं हर्नियाचं होतं, तेव्हा मुलगा दीड वर्षाचा. डॉक्टरांनी सहा आठवडे उचलायला बंदी घातली होती. पित्ताशयाला कमी सांगतात बहुधा, पण किलोचा आकडा आणि तारीख दोन्ही विचारून लिहूनच घ्या. मी काय केलं, तर ऑपरेशनच्या आधीच त्याला सोफ्यावर स्वतः चढायला शिकवलं. खाली बुटकं स्टूल. 'उच्चल' म्हटलं की मी आधी बसायचे आणि तो चढून यायचा. आता सुरू केलंत तर तिला अचानक दूर लोटल्यासारखं वाटणार नाही.

ओंजळ :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहावा दिवस. खांदा दुखला, पण माहीत होतं म्हणून घाबरले नाही. सर्जननी आधीच सांगितलं होतं की आत चिकटलेलं असलं, रक्तस्राव झाला किंवा नीट दिसलं नाही तर मोठा छेद घ्यावा लागतो. ती वेळ आली नाही. लेक स्टुलावरून चढते, मध्ये उशी असते, आणि 'आईचा बाऊ' म्हणून पट्टीवर फुंकर मारते. चार आठवडे उचलायचं नाही, तारीख फ्रिजवर लावलीय.

एक शंका : कालपासून जेवण झालं की लगेच पातळ होतंय. काळजीचं आहे का?

रात्रपाळी :
पित्ताशय पित्त साठवून जेवणाच्या वेळी सोडायचं. आता यकृताकडून ते थेट आतड्यात सतत झिरपतं, म्हणून सुरुवातीला काहींना असं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत बसतं. तोवर थोडं थोडं खा, तेलकट-तुपकट बेताने. ताप आला, रक्त दिसलं किंवा पाणी टिकेनासं झालं तर वाट बघू नका. नाहीतर तपासणीच्या दिवशी आवर्जून सांगा.