अवे सामना आणि आबांचे गुडघे: कोणते मैदान निवडावे?

रंकाळ्याची_सून
नमस्कार मंडळी. माझे सासरे दोन महिन्यांसाठी आमच्याकडे यॉर्कशायरला येत आहेत. वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले. काठी घेऊन ते सावकाश अर्धा मैल चालतात, कठडा असेल तर जिनाही चढतात, परंतु एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहिले की पाय भरून येतात आणि पुढचे दोन दिवस शेक घेण्यात जातात. तरुणपणी ते कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून बॅक म्हणून, म्हणजे आपला गोल राखणाऱ्या फळीत, खेळलेले आहेत, त्यामुळे 'घरी टीव्हीवर दाखवा' हा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

अडचण अशी आहे की आबांना घरच्या मैदानावरचा सामना नको, अवे सामनाच, म्हणजे आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळतो तोच, हवा आहे. मागच्या भेटीत मी त्यांना एका मैदानावर नेले होते. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक होता, खुर्चीही होती, पण अवे एंडमधले, म्हणजे पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी राखलेल्या भागातले, सगळे लोक पहिल्या मिनिटापासून उभे राहिले आणि आबांना नव्वद मिनिटे समोरच्या गृहस्थांच्या निळ्या जॅकेटची शिवण तेवढी दिसली. प्रत्येक आरोळीला ते माझी बाही ओढून 'कुणी मारला?' असे विचारत होते.

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या फुटबॉल श्रेणीत, अवे तिकीट ३० पौंडांच्या वर नसते, म्हणून रेल्वेभाडे धरून दोघांचे मिळून १५० पौंड असा हिशेब मी केला आहे. कोणत्या मैदानावर न्यावे आणि जागेसाठी कोणाला विचारावे? आमच्या क्लबचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

मँचेस्टरचे_काका
तुमचा क्लब कोणता ते कळले असते तर नेमके सांगता आले असते. असो. आमच्या अनुभवावरून सांगतो, हॉस्पिटॅलिटी पॅकेज घ्यावे. माणशी साडेतीनशे पौंड पडले, पण गादीची रुंद खुर्ची, सामन्याआधी तीन पदार्थांचे जेवण आणि मध्यंतरात चहा मिळाला, शिवाय कोणीही उभे राहत नव्हते. वडीलधाऱ्या माणसासाठी एवढे करायला हरकत नसावी.

रंकाळ्याची_सून
काका, माझे बजेट दोघांचे मिळून १५० आहे, आणि हॉस्पिटॅलिटीच्या खुर्च्या यजमान क्लबच्या प्रेक्षकांत असतात असे मी ऐकले आहे. आपल्या संघाने गोल केला तेव्हा तुम्ही काय केलेत?

मँचेस्टरचे_काका
हाताची घडी घालून बसलो. जेवण मात्र उत्तम होते.

शेवटची_लोकल
हातातल्या काठीचेच आसन होते अशी घडीची खुर्ची मिळते, ती मी हौसेने विकत घेतली होती. एका मैदानाच्या दारावर सुरक्षारक्षकाने ती उघडून पाहिली, मिटून पाहिली, आपल्या वरिष्ठाला बोलावले आणि शेवटी तंबूत जमा करून घेतली. सामन्यानंतर ती परत घेण्यासाठी मला चाळीस मिनिटे रांगेत उभे राहावे लागले, म्हणजे जे टाळण्यासाठी खुर्ची घेतली तेच खुर्चीमुळे करावे लागले. आबांची साधी काठी कोणी अडवणार नाही, पण असली उपकरणे नेण्याआधी लेखी परवानगी घ्यावी.

नियमावली
मुळात इंग्लंडमध्ये वरच्या दोन श्रेणींत उभे राहणे कायद्याने बंद आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तीत एकूण ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने सर्व प्रेक्षकांसाठी खुर्च्यांची शिफारस केली आणि १९९४ पासून ती वरच्या दोन श्रेणींना लागू झाली. तेव्हा समोरचा उभा राहिला तर स्टीवर्डला, म्हणजे मैदानावरच्या व्यवस्थापक कर्मचाऱ्याला, बोलवावे, एवढा सोपा विषय आहे.

उभा_आहे_म्हणून
इतका सोपा असता तर हा धागा निघालाच नसता. तीन हजार माणसे एकदम उभी असताना दहा स्टीवर्ड कोणाकोणाला बसवणार? शिवाय 'कायद्याने बंद' हे म्हणणे अर्धवट आहे. खुर्च्या बसवण्याचे बंधन मैदानावर आहे. प्रेक्षक उभा राहिला तर मैदानाच्या नियमांचा भंग होतो, गुन्हा होत नाही. आणि २०२२ पासून परवाना घेतलेल्या क्लबांत दांडीच्या खुर्च्यांच्या (प्रत्येक रांगेला धरायला दांडी असलेल्या) विभागात उभे राहायला रीतसर मुभा आहे.

मी स्वतः अवे एंडमध्ये उभा राहतो आणि राहणार. दोनशे मैल प्रवास करून आलेल्या माणसाने हाताची घडी घालून बसावे, अशी अपेक्षा काकांनीच करावी.

नियमावली
त्याच परवान्याच्या अटीही वाचाव्यात. उभे राहण्याच्या विभागामुळे इतर प्रेक्षकांच्या, त्यांत दिव्यांग प्रेक्षकही आले, दृष्टीला अडथळा येता कामा नये, आणि खुर्ची कुलूप लावून बंद ठेवता येत नाही, म्हणजे ज्याला बसायचे त्याला बसता आले पाहिजे, असे त्यांत स्पष्ट आहे.

उभा_आहे_म्हणून
बसता येते हो. दिसत नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे.

पुणेरी_पाहुणा
टीव्हीचा सल्ला नको म्हणाल्यामुळे देत नाही. तथापि आमच्याकडे ६५ इंची आहे आणि त्यावर ऑफसाइडची रेषाही दिसते, एवढे नोंदवून ठेवतो.

यजमानांच्या स्टँडमधली तिकिटे काढा आणि रंगीत मफलर घरी ठेवा. तिथे कुटुंबे बसून पाहतात.

रंकाळ्याची_सून
आबा गप्प बसतील याची हमी मी देऊ शकत नाही. पाहुण्या संघाचा समर्थक म्हणून ओळखले गेल्यास बाहेर काढतात, आणि तिकीट ज्याच्या नावावर असते त्याच्यावर कारवाई होते. ते नाव माझे असेल.

कुबडी_आणि_मफलर
मला लहानपणी पोलिओ झाला होता. मी एका कुबडीवर चालतो आणि गेली अकरा वर्षे अवे सामन्यांना जातो आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ज्या क्लबाच्या मैदानावर जायचे आहे त्याला आधी विचारू नका, आपल्याच क्लबाच्या डिसॅबिलिटी ॲक्सेस ऑफिसरला लिहा. अवे तिकिटे आपल्या क्लबमार्फतच विकली जातात, आणि सोयीच्या जागा त्यातूनच मिळतात. पत्रात 'दिव्यांग आहेत' एवढेच लिहिले तर उत्तर येईल की व्हीलचेअरची जागा हवी का, आणि आबांना ती नको असेल. जो चालू शकतो पण उभा राहू शकत नाही, अशा माणसाचा खाना या लोकांच्या डोक्यात चटकन उघडत नाही. म्हणून आकडे लिहा: किती मिनिटे उभे राहता येते, किती पायऱ्या चढता येतात, कोणता पाय लांब करावा लागतो, आणि म्हणून रांगेच्या कोणत्या टोकाची खुर्ची हवी. माझा डावा पाय वाकत नाही. पहिल्या वर्षी मला चुकीच्या टोकाची खुर्ची मिळाली होती आणि जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या पायाला अडखळत होता.

मग एकच प्रश्न विचारा: समोरचे सगळे उभे राहिले तरी या खुर्चीवर बसून दोन्ही टोकांचे गोल दिसतात का? फोनवर 'हो, हो' म्हणतील. ईमेलवर विचारलेत की उत्तर जपून येते आणि खरे येते.

सगळ्यांत पुढची रांग मागा असे लोक तुम्हाला सांगतील. तिथे समोर कोणी उभे नसते हे खरे, पण खुर्ची जवळजवळ मैदानाच्या पातळीला असते, पलीकडच्या कोपऱ्यातला चेंडू दिसत नाही, स्टीवर्ड मध्ये येतात आणि अनेक ठिकाणी पाऊस थेट मांडीवर पडतो. तरीही जॅकेटच्या शिवणीपेक्षा ते बरे.

सोबत्याचे तिकीट बहुतेक क्लब मोफत देतात, पण पुरावा मागतात. इथल्या रहिवाशांना सरकारी भत्त्याचे पत्र दाखवता येते. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाकडे ते नसते. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेच्या तारखांसह इंग्रजीत पत्र घेऊन यायला सांगा. ते चालेल की नाही हे क्लबावर अवलंबून आहे, पण नसले तर विचारण्यासारखेही काही राहत नाही.

मँचेस्टरचे_काका
एवढी पत्रापत्री करण्यापेक्षा भाड्याने व्हीलचेअर घ्यावी. व्हीलचेअरची जागा उंच चौथऱ्यावर असते, समोरचे उभे राहिले तरी दिसते. आमच्या शेजाऱ्यांनी तसेच केले.

कुबडी_आणि_मफलर
काका, कृपया हे सुचवू नये. जुन्या मैदानांवर पाहुण्यांच्या वाट्याला येणाऱ्या अशा जागा मोजक्याच असतात. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये ऑगस्ट २०१७ पर्यंत मैदाने सुधारण्याचा शब्द दिला होता, आणि तेवढ्या मुदतीत सर्वांना तो पाळता आला नाही. आबांनी ती जागा घेतली तर खरोखर व्हीलचेअरशिवाय येऊ न शकणारा कोणीतरी घरी राहतो. २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे वाजवी सोय करून देणे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती सोय हक्काने मागावी, दुसऱ्याची ओढून घेऊ नये.

टेम्सकाठची_मावशी
माझे मत एमिरेट्सला, म्हणजे लंडनच्या आर्सेनल क्लबच्या मैदानाला. सगळ्या खुर्च्यांना गादी आहे, पाय ठेवायला ऐसपैस जागा आहे. किंग्ज क्रॉसला उतरून भुयारी रेल्वेने फिन्सबरी पार्कला जावे, दोन्ही ठिकाणी जिना चढावा लागत नाही. तिथून सावकाश चालत वीस मिनिटे.

शेवटची_लोकल
गादी चांगलीच आहे, पण त्या गादीवर सामन्यात कोणी बसत नाही.

तिसरी_श्रेणी
सगळेजण प्रीमियर लीगमध्येच का अडकले आहेत? खालच्या श्रेणीत उभे राहून पाहण्याचे जुन्या पायऱ्यांचे टेरेस अजून आहेत. बर्टनच्या मैदानाला तीन बाजूंनी टेरेस आणि एकच खुर्च्यांचा स्टँड आहे, आणि त्यातल्या काही खुर्च्या पाहुण्यांना देतात. ज्यांना उभे राहायचे ते टेरेसवर जातात, त्यामुळे खुर्चीवाले खरोखर बसतात. हे इतके साधे आहे की वरच्या श्रेणीत कोणाला सुचले नाही. शिवाय मैदानाच्या दारात मला आजवर कधीच दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागलेले नाही.

रंकाळ्याची_सून
हे मला फार पटले. पण आमचा क्लब तिथे खेळायला जाणार नाही, निदान या हंगामात नाही.

तिसरी_श्रेणी
क्लब बदला.

उभा_आहे_म्हणून
मघाशी मी जरा तोडून बोललो, म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझ्या मागे एक आजी होत्या. मध्यंतरात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले की दुसरा हाफ मला दिसेल का. आमच्या पुढच्या दोन्ही रांगांना विनंती केली, सगळे मान हलवून बसले. पाचव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, सगळे उठले, आणि पुन्हा कोणीच बसले नाही. मीही नाही. शेवटी आम्ही आजींना रांगेच्या टोकाला, गल्लीला लागून असलेल्या खुर्चीवर बसवले. तिथून वाकले की पायऱ्यांच्या मोकळ्या पट्ट्यातून अर्धे मैदान दिसते.

टाइनकाठ
मी न्यूकासलला राहतो. बाकी कुठेही जा, आमच्याकडे आबांना आणू नका. सेंट जेम्स पार्कला पाहुण्यांना सातव्या स्तरावर बसवतात, चौदा जिने चढावे लागतात. लिफ्ट आहे, पण तिची सोय आधी ठरवून घ्यावी, आणि सामना संपल्यावर तिच्यासाठी थांबण्याची तयारी ठेवावी. तिथून खेळाडू मुंगीएवढे दिसतात.

नियमावली
न्यूकासल नकोच.

टेम्सकाठची_मावशी
मीही तेच म्हणते. वर सांगितलेच आहे, एमिरेट्स.

कुबडी_आणि_मफलर
न्यूकासल मीही टाळतो. एक राहिले होते: रेल्वेत चढण्या-उतरण्यासाठी पॅसेंजर असिस्ट मागावा. त्यासाठी कोणतेही कार्ड किंवा पुरावा लागत नाही, निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत सांगता येते, तरी तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. आबांना साठीच्या वरच्यांचे सीनियर रेलकार्डही काढता येईल, भाडे एक तृतीयांश कमी होते.

रंकाळ्याची_सून
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही न्यूकासलला जात आहोत.

रागावू नका, सांगते. काल व्हिडिओ कॉलवर मी हा सगळा धागा आबांना वाचून दाखवला. चौदा जिन्यांपाशी मी थांबले, तर ते म्हणाले की लिफ्ट आहे असेही त्यांनी लिहिले आहे ना, पुढे वाच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ते कायम सर्वांत वरच्या पायरीवर बसत आले आहेत, कारण खाली बसून चेंडू दिसतो आणि वर बसून डाव दिसतो, असे त्यांचे मत आहे. खेळाडू मुंगीएवढे असले तरी चालतील, फक्त दिसले पाहिजेत. यॉर्कहून गाडीने साधारण तासाचा प्रवास आहे, मॉन्युमेंटला बदलून मेट्रो मैदानाशेजारी नेते आणि त्या मेट्रोच्या सगळ्या स्थानकांवर पायऱ्या टाळता येतात, त्यामुळे १५० पौंडांत बसते.

कुबडी_आणि_मफलर यांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या क्लबाच्या अधिकाऱ्यांना आकड्यांसह ईमेल केली. लिफ्टची व्यवस्था त्यांनी मान्य केली आहे आणि उजवा पाय लांब करता येईल अशी गल्लीलगतची खुर्ची मिळेल, असे कळवले आहे. दोन्ही गोल दिसतात का, या प्रश्नाला त्यांचे प्रामाणिक उत्तर आले: समोरचे उभे राहिल्यास एकच दिसेल.

ते मी आबांना सांगितले. ते म्हणाले, मी बॅक होतो, मला जन्मभर एकाच गोलची काळजी होती.

मँचेस्टरचे_काका
सेंट जेम्स पार्कलाही हॉस्पिटॅलिटी आहे. चौकशी करून सांगू का?