आन जियाची कबर चिनी म्हणायची की सोग्दी?

वेताळटेकडी:
चीनमधल्या शिआनला २००० साली आन जियाची कबर सापडली. घराणं मूळ मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडचं सोग्दी, म्हणजे उंटांचे तांडे घेऊन चीनशी व्यापार करणाऱ्या लोकांतलं, हा स्वतः परदेशी वस्तीचा सरकारने नेमलेला प्रमुख म्हणजे साबाओ, वारला ५७९ मध्ये. जिथे तिथे वाचतो की हे लोक दोन पिढ्यांत चिनी होऊन गेले, मला अजिबात पटत नाही. दारावरचा दगड बघा ना, तीन उंटांच्या पाठीवर अग्निवेदी, दोन्ही बाजूंना अर्धे माणूस अर्धे पक्षी असे पुरोहित आणि श्वास अग्नीला लागू नये म्हणून तोंडाला फडकं. मुंबईतले पारशी दस्तूर आजही अग्नीसमोर असंच पदान बांधतात. हा जरथुष्ट्री, म्हणजे पारशांचाच, धर्म सुटलेला माणूस एवढं बारकाईने कोरून घेईल?

गल्लीतला_इतिहास:
दार सोडून आत चला. उतरती वाट, विटांची खोली, मृत्युलेख चिनीत, दगडी पलंगसुद्धा उत्तर चीनच्या बड्या लोकांसारखा. तिकडे मायदेशी समरकंदला सोग्दी प्रेत पुरायचे नाहीत, हाडं तेवढी मातीच्या पेटीत ठेवायचे. अंत्यविधी माणूस सगळ्यात शेवटी सोडतो आणि यांनी तोच सोडला. पैसा असला की चित्र काय, कुणीही कोरून देतं.

गोदाकाठ:
अहो पण पलंग रिकामा होता! हाडं खोलीच्या दाराबाहेर मिळाली, तीही जळाल्याच्या खुणा असलेली, आणि प्रेत जाळणं तर जरथुष्ट्री लोकांत पाप. तुम्हा दोघांच्याही चौकटीत हे बसत नाही.

वेताळटेकडी:
मग विर्काक घ्या, तोही सोग्दी, तोही साबाओ, तोही ५७९ मध्येच गेला, कबर २००३ साली मिळाली. घराच्या आकाराची दगडी शवपेटी, तिच्यावर चिन्वत पूल, म्हणजे जरथुष्ट्री समजुतीतला मेल्यावर ओलांडायचा पूल, पुलाच्या तोंडाशी दोन कुत्रे आणि पुरोहित, वरून विर्काक-बायको आणि मागे जनावरांचा तांडा, खाली पाण्यात राक्षस टपलेले. मृत्युलेख सोग्दी आणि चिनी दोन्हीत, आणि हे सगळं करवून घेतलं मुलांनी, म्हणजे पुढच्या पिढीलाही सोग्दी भाषा हवीच होती की.

गल्लीतला_इतिहास:
विर्काकचं मान्य. पण हे सगळे साबाओ, उंट हाकणाऱ्यांच्या कबरी कुठायत? मूठभर श्रीमंतांवरून अख्ख्या वस्तीचं नका ठरवू. आणि ७५५ ला चिनी फौजेतल्या आन लुशान या सेनापतीने बादशहाविरुद्ध बंड केलं, त्याचा बाप सोग्दी, तर आन आडनावाच्या एका सेनापतीने लाज वाटते म्हणून बादशहाकडून ली आडनाव मागून घेतलं, त्याला काय म्हणाल?

वेताळटेकडी:
श्रीमंतांचा मुद्दा बरोबर आहे. पण बंडानंतर जीव मुठीत धरून बदललेलं आडनाव हा चिनी झाल्याचा पुरावा मी धरणार नाही, आणि ते विर्काकनंतर पावणेदोनशे वर्षांनी झालं. मी ५७९ बद्दल बोलतोय.