मदत हवी आहे: २०१७ची सेकंड हँड मियाटा घ्यावी की नव्या पिढीची वाट बघावी?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे. पण गेले तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही, आणि घरी हा विषय काढायची आता सोय उरलेली नाही.

माझ्दा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, मला कॉलेजपासून हवी आहे. दोन सीट, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, डोक्यावर उघडं आभाळ. तेव्हा ऐपत नव्हती, मग घर झालं, मग मुलगी. आता मी ४३ वर्षांचा आहे, रोज वापरायची गाडी वेगळी आहे आणि अशा गाडीपुरते पैसे पहिल्यांदाच बाजूला पडलेत. ते एकदाच खर्च होणार, म्हणून विचारून घ्यायचंय.

ओळखीतल्या एका काकांची २०१७ची एनडी, म्हणजे सध्याच्या चौथ्या पिढीची मियाटा, विकायची आहे. दोन लिटरचं इंजिन, १६० पीएस ताकद, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, कापडी छत. एकच मालक, २९,००० किलोमीटर. काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत, एवढंच विकायचं कारण. मी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी गाडीत बसवलं, दार उघडं ठेवलं आणि म्हणाले, "आता उतरून दाखव." उंबऱ्यावर हात टेकून मी उठलो तोवर ते माझ्या गुडघ्यांकडेच बघत होते. "मला हे जमेना झालं तेव्हा ठरवलं," इतकंच बोलले.

मग फेरी मारली. छताचा एकच खटका आहे, मधोमध, आरशाच्या वर. तो सोडवून बसल्या जागेवरून एका हाताने छत मागे टाकता येतं. गिअरची दांडी इतकी आखूड फिरते की मनगटच हलवायचं, कोपर जागचं हलत नाही. पहिल्या वळणाला गाडी किंचित झुकली आणि मग अशी बसली की पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते मला तळहातात कळत होतं. एवढी वर्षं मी गाडी चालवतोय, पण असं कधी झालं नव्हतं.

हे सगळं खरं असूनही मी "घेतली" म्हणालो नाही, कारण पुढची पिढी येणार आहे. माझ्दाच्या तंत्रज्ञान प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलंय की पुढच्या एमएक्स-५मध्ये स्कायॲक्टिव्ह-झेड हे २.५ लिटरचं नवं पेट्रोल इंजिन असेल आणि गाडी हलकीच ठेवायचा इरादा आहे. हे वाचल्यापासून झोप उडाली. मोठं इंजिन, टर्बो नाही, वजन तेवढंच! मी आज जुनी घेतली आणि ती आली तर? पुन्हा पैसे नसतील.

पण वाट बघायची तर किती? पहिली पिढी १९८९ची, दुसरी १९९८ची, तिसरी २००५ची आणि ही चौथी २०१५ची. म्हणजे नऊ वर्षं, सात वर्षं, दहा वर्षं, आणि चौथीने दहाही कधीच ओलांडली. स्कायॲक्टिव्ह-झेड आधी माझ्दाच्याच सीएक्स-५ या एसयूव्हीच्या हायब्रिडमध्ये २०२७ साली यायचंय. त्याआधी ते दोन सीटांच्या गाडीत बसवतील असं मला तरी वाटत नाही. पुढच्या एमएक्स-५ची तारीख कुणी दिलेली नाही.

तीन गोष्टी सतावतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेची चकती सरकली होती. आता बरा आहे, रोज व्यायाम करतो, पण काकांचं "आता उतरून दाखव" कानातून जात नाही. आणखी पाच-सहा वर्षांनी मी कसा उतरेन? दुसरं, मी सहा फूट उंच आहे. या गाडीचं स्टिअरिंग वर-खाली होतं, पण पुढे-मागे होत नाही. पाय नीट बसावेत म्हणून सीट मागे घेतली की हात ताणले जातात. तिसरं, उजव्या सीटमागचा गालिचा हाताला गार लागला. ओला म्हणता येणार नाही, पण कोरडाही नव्हता.

सेकंड हँडमध्ये मी एकदा पोळलोय. पूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीचं मीटर मागे फिरवलेलं निघालं, कळायला वर्ष लागलं. तेव्हापासून कमी किलोमीटर दिसले की मला आनंदाऐवजी धडकीच भरते. काकांवर अविश्वास नाही, पण आकडा खरा की खोटा हे स्वतः कसं पडताळायचं?

ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. "घेऊ नकोस" असं वाटत असेल तर तेही लिहा.

पाना_पक्कड:

आधी गालिचा. कापडी छतावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तिथे पानं आणि माती साचते, भोक तुंबतं आणि पाणी आत उतरतं. कोपऱ्यात बाटलीने थोडंसं पाणी ओतायचं आणि ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतंय का बघायचं. पडत नसेल तर मऊ नळीने सावकाश मोकळं करायचं, तार खुपसायची नाही. मग गालिचा उचलून खालचा पत्रा बघा. गंज नसेल तर घाबरू नका. आधीच्या पिढ्यांमध्ये उंबऱ्याचा पत्रा सडायचा तो अशाच दुर्लक्षामुळे.

किलोमीटरचं म्हणाल तर टायर बघा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते २०१७चेच असतील आणि नक्षी अजून शिल्लक असेल, तर २९,००० पटण्यासारखं आहे. क्लचच्या पेडलचं रबर, सीटची दाराकडची कड, गिअरच्या मुठीवरची शिलाई, हेही एकमेकांशी जुळायला हवं. दर सर्व्हिसच्या पावतीवर आकडा लिहिलेला असतो, तो क्रमाने चढत गेलाय का बघा. आणि टायर खरंच तेवढे जुने निघाले तर नक्षी कितीही असो, बदलून टाका. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर मागची चाकं धरत नाहीत.

शेवटचं महत्त्वाचं. सुरुवातीच्या एनडींचा गिअरबॉक्स जोरात वापरल्यावर गेल्याच्या तक्रारी होत्या आणि त्यातले भाग कंपनीने पुढे बदलले. म्हणून गाडी पूर्ण गार असताना चालवा. पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर थोडा अडखळतो, ते तेल गार असल्याने. गरम झाल्यावरही खरखरला, किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर दांडी आपोआप सुटली, तर परत फिरा.

सावकाश_वळण:

दादा, माझ्याकडे तिसऱ्या पिढीची एनसी होती. नवी येतेय म्हणून विकली, दोन वर्षं गाडीविना काढली आणि एनडीच्या पहिल्याच खेपेतली घेतली. मनापासून आवडली. पण २०१८ साली त्याच दोन लिटरच्या इंजिनात १८४ पीएस आले, ६८०० ऐवजी ७५०० आरपीएमपर्यंत फिरायला लागलं, आणि स्टिअरिंग पुढे-मागे व्हायला लागलं. म्हणजे वाट बघूनही मला जी हवी होती ती मिळाली नाही, ती तीन वर्षांनी आली. पुढच्या पिढीचंही तसंच होणार. ती येण्याची वाट, आणि ती मुरायची वाट, अशा दोन वाटा धरा.

पण तुमच्या पोस्टमध्ये मला अडलं ते स्टिअरिंगपाशी. मी पाच फूट सहा इंच आहे, माझा प्रश्न नव्हता. तुमची उंची आणि तुमची कंबर बघता जुनी की नवी यापेक्षा २०१८च्या आधीची की नंतरची, हा प्रश्न मोठा आहे असं मला वाटतं. हात ताणून एक तास बसलात तर भार खांद्यावर आणि कमरेवरच येणार. २०१८ नंतरचीही सेकंड हँड मिळते, थोडं जास्त शोधावं लागेल.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन आलो.

टायरवर चारही ठिकाणी २११७ आहे, म्हणजे २०१७चा एकविसावा आठवडा. पावत्यांवरचे आकडे क्रमाने चढत आलेत. मीटरची माझी भीती गेली, आणि काकांकडे तशा नजरेने बघावं लागलं याचं वाईटही वाटलं. त्यांना ते सांगितलं. म्हणाले, "बघायलाच हवं होतंस." उजव्या कोपऱ्यात पाणी ओतलं तर तिथेच थांबून राहिलं. मऊ नळीने त्यांनी स्वतः मोकळं केलं, वाकता येत नसतानाही मला हात लावू दिला नाही. काळा चिखल आणि पानांचे देठ निघाले, मग पाणी चाकापुढे धार लागून पडलं. गालिच्याखालचा पत्रा स्वच्छ आहे.

पुढच्या पिढीचं मी मनातून काढून टाकलंय. सावकाश_वळण, तुमच्या "दोन वाटा" वाचून हिशेब मांडला. तारीख नसलेली गाडी, त्यावर मुरायची दोन-तीन वर्षं. तोवर मी पन्नाशीला टेकलेलो असेन. माझ्या पाठीला तेवढा उधार वेळ मागता येणार नाही.

राहिलं स्टिअरिंग. काकांना सरळ विचारलं, एक तास नुसता बसून बघू का? त्यांनी किल्ली हातात दिली आणि घरात गेले. पंचेचाळीस मिनिटांनी उजवा खांदा भरून आला. मग पाठ थोडी सरळ करून सीट एक खाच पुढे घेतली. गुडघा स्टिअरिंगच्या जवळ आला, पण खांदा सैल झाला. हे चालवताना टिकतं का, तेच आता बघायचंय.

शनिवारी सकाळी जातोय. दीड तास चालवायची परवानगी मिळाली आहे. टिकलं तर हीच घेणार, नाही तर २०१८ नंतरची शोधायला लागणार, आणि हे काकांना आजच सांगून ठेवलंय. एवढीच विनंती केली की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, दुसरा गिअर गार असताना बघायचाय.