ब्रेसाँचा ‘पिकपॉकेट’: मिशेलला पश्चात्ताप नेमका कधी होतो?

खानापूरची वाचक:
काल वहिनींबरोबर फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा १९५९ चा ‘पिकपॉकेट’ बघितला. सव्वा तासाचा सिनेमा, पण रात्री डोक्यातून जाईना. चोरताना, इन्स्पेक्टरसमोर बसल्यावर, मिशेल या पाकीटमाराचा चेहरा कोरा तो कोराच. आणि शेवटी तुरुंगात गजांतून झानला, आईच्या शेजारच्या मुलीला, जवळ घेतो. वहिनी म्हणतात, “सापडला म्हणून सुधारला, त्यात काय मोठं?” मला ते पटत नाही, पण त्यांना पटेल असं सांगताही येईना. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीकर:
आईच्या दारातला प्रसंग परत बघा. आई आजारी, हा दारापर्यंत येतो, पैसे शेजारच्या झानच्या हातात ठेवतो आणि आत न जाताच माघारी फिरतो. पुढं कळतं, त्यानं आईचेच पैसे चोरले होते. तिनं पोलिसांत तक्रार दिली आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतली. टोचणी तिथूनच आहे. चेहऱ्याचं म्हणाल तर ब्रेसाँला अभिनय नकोच असायचा. मार्टिन लासाल हा काही मुरलेला नट नव्हता.

बसवाहक, बेळगाव:
सौंदत्तीच्या जत्रेला गाडी लागली की दारातल्या रेटारेटीत माझी नजर हातांवर असते. म्हणून पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनातला भाग परत परत बघितला. एक पाकीट काढतोय, दुसऱ्याकडं सरकवतोय, तिसरा घेऊन पसार. हे शिकवायला कासाजी नावाचा खरा हातचलाखीवाला होता, सिनेमातही तोच हाय. पण वहिनींचा राग मला कळतो बघा. माझ्या गाडीत एका म्हातारीचे औषधाचे पैसे गेले. उतरेपर्यंत बिचारी रिकामी कनवट चाचपत होती. मिशेल कुणाचे पैसे परत देताना दिसतोय काय?

खानापूरची वाचक:
नाही दिसत, खरं आहे. पण मधे इंग्लंडला पळून गेलेला मिशेल परतल्यावर कामाला लागतो आणि कमाई झानला तिच्या मुलासाठी देतो. मूल त्याचं नव्हे, बाप निघून गेलेला. पॅरिसमधल्या लाँशांच्या रेसकोर्सवर पकडला जातो तो त्यानंतर. म्हणजे दुसऱ्यासाठी राबणं आधी, बेड्या मागून. वहिनींना हेच सांगणार आहे. शिवाय तुरुंगात झान यायची थांबते, मग पत्र येतं की मूल आजारी होतं, आणि ते वाचताना याचं काळीज धडधडायला लागतं. मला तर तो तिथंच बदललेला दिसला, गजांपाशी येण्याआधी.

म्हातारीचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. तिचे पैसे तिला मिळायलाच हवे होते.