मदत हवी आहे: घरी तीन रेड वाइन शेजारी शेजारी चाखतो, तिन्ही सारख्याच लागतात

गंगापूररोड (सोमवार, रात्री ९:४०)
बुधवारी ऑफिस सुटल्यावर आमच्याकडे चौघं बसणार आहोत, साडेसात ते दहा एवढाच वेळ कारण गुरुवारी सगळ्यांना कामावर जायचंय. तीन बाटल्या आणल्यात. शेजारी शेजारी ओतून तिघींतला फरक कळावा एवढंच पाहिजे. मागे असाच बेत केला होता तर तिन्ही सेम टू सेम, कडू, वास कसलाच नाही. आणि यातलीच एक मी पावसाळ्यात वायनरीत टेस्टिंगला घेतली होती तेव्हा काय सुंदर लागली होती, चक्क काळ्या मिरीचा वास येत होता. मग घरी काय बिघडतं? यूट्यूबवर सगळे फ्रान्सच्या वाइनबद्दल बोलतात, माझ्या काही उपयोगाचं नाही. प्लीज 'सवयीने कळेल' असं सांगू नका, परवा पाहिजे.

मंजिरी_के
कुठल्या वाइन? रेड की व्हाइट? द्राक्ष कोणतं? बाटल्या ठेवता कुठे? सोबत खायला काय असतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही तर सांगणार काय.

पाव्हणा
वायनरीत समोर धरण, संध्याकाळचा वारा, तिथे सगळंच छान लागतं. माझं तर स्पष्ट मत आहे, तिथे जाऊनच प्यावी. आम्ही दर हिवाळ्यात ठाण्याहून येतो, कसारा घाट चढला की मूड लागतो.

गंगापूररोड
रेडच हो, धाग्याच्या नावातच लिहिलंय. थंडीत व्हाइट कोण पिणार. एक शिराझ, एक कॅबर्ने-शिराझ ब्लेंड, एक सांजोव्हेझे. तिन्ही आपल्याकडच्याच. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर अख्खा धागा त्यावरच जाईल. आणि पाव्हणा, वायनरी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, प्रश्न तो नाहीये.

हुरडापार्टी_मोहोळ
थंडीत व्हाइट कोण पिणार म्हणजे काय? जानेवारीत शेतावर गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गार शेनिन ब्लाँक, एकदा करून बघा. जरा गोडसर असते त्यामुळे चटणीचा तिखटपणा सांभाळून घेते. रेड आणि चटणी जमतच नाही. सांजोव्हेझे म्हणजे आमच्या अकलूजकडची असणार, तिथल्या फ्रातेल्ली वायनरीवाल्यांनी परदेशातून रोपं आणून लावली. सोलापूर जिल्ह्यात वाइनची द्राक्षं होतात हे नाशिककरांना अजून पटत नाही.

आण्णा६२
नाशिक आणि सोलापूर राहू द्या, आधी नारायणगाव होतं. शामराव चौगुल्यांची इंडाज कंपनी, तिची ओमर खय्याम नावाची स्पार्कलिंग म्हणजे फेसाळ वाइन, ऐंशीच्या दशकात परदेशात जायची ती. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. आजच्या मुलांना वाटतं सगळं तिथूनच सुरू झालं.

केमिकल_अंबरनाथ
मूळ प्रश्नावर येऊ या का. गंगापूररोड, दोन गोष्टी सांगा. ओतताना बाटल्यांचं तापमान काय होतं, म्हणजे फ्रीजमधून काढल्या की कपाटातून? आणि तुम्ही कडू म्हणताय ते घशाशी कडू आहे की हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, जांभळं खाल्ल्यावर पडते तशी?

गंगापूररोड
कोरडी पडते, बरोबर, तसंच होतं. बाटल्या आणल्या की फ्रीजमध्येच जातात, दुसरी जागा नाही, खालच्या कप्प्यात आडव्या. काढल्या आणि लगेच ओतल्या. वायनरीतही बाटली बर्फाच्या बादलीतूनच काढत होते की.

केमिकल_अंबरनाथ
ती बादली व्हाइटची असणार, किंवा पावसाळ्यात हॉल गरम म्हणून रेड थोडी थंड करून देत असतील. तुमचं उत्तर बहुतेक इथेच आहे. घरच्या फ्रीजचं तापमान ४-५ अंश. रेड प्यायची १६ ते १८ ला. रेड गार असली की दोन गोष्टी एकदम होतात, वास देणारे पदार्थ वर उडत नाहीत म्हणून नाकाला काही मिळत नाही, आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या पदार्थाचा तुरटपणा मात्र जिभेवर जास्त टोचतो. राहिलं काय, तुरट थंड पाणी. मग तिन्ही सारख्या लागणारच. उन्हाळ्यात बाटली फ्रीजमधून काढली की घरातल्या ३२-३३ अंशांत ती पटकन वर येते म्हणून चालून जातं, डिसेंबरात ग्लासात अर्धा तास ठेवली तरी गारच. तुमच्या हॉलमध्ये संध्याकाळी किती असतं?

बागायतदार_दिंडोरी
आमच्याकडे आज पहाटे ८ होतं. निफाडला त्याहून कमी असेल. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेकोट्या पेटवायची वेळ आलीय आणि इथे बाटली किती गार ते चाललंय. असो, तुमचं चालू द्या, पिकवलेल्याची चव कुणी एवढ्या मन लावून बघतंय हे वाचून बरं वाटलं.

गंगापूररोड
हॉलमध्ये १९ दाखवतंय आत्ता, एसीच्या रिमोटवर. मग काय, बाटल्या नुसत्या बाहेर ठेवू?

शुभदा_कोथरूड
तापमान वगैरे ठीक पण खरं कारण हवा आहे. रेड दोन तास आधी जगमध्ये ओतून ठेवायलाच लागते, त्याशिवाय तिचा वास उघडत नाही. आमचे हे तर मिक्सरमधून फिरवतात, तीस सेकंद, फेस बसला की प्यायची. खूप फरक पडतो.

मंजिरी_के
शुभदाताई, मिक्सरच्या भांड्याला लसूण-खोबऱ्याचा वास असतो हो, कितीही घासलं तरी. आणि आपल्या बहुतेक रेड दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या असतात, त्यांना वीस मिनिटं अर्धा तास ग्लासात पुरतो. दोन तास जगमध्ये ठेवली तर फळाचा वास उडूनही जातो.

शुभदा_कोथरूड
आमच्या भांड्याला वास नाही. ज्यूसचं वेगळं आहे.

आण्णा६२
वाइन प्यायलाही परमिट लागतं हे चौघांना माहीत आहे ना? मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि आजही लागू आहे. वाइनसाठी वय २१ पूर्ण. एका दिवसाचं परमिट दुकानातच मिळतं.

पाव्हणा
म्हणूनच सुपरमार्केटात मिळायला हवी होती. जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, हजार चौरस फुटांच्या दुकानात एक कपाट, एवढंच होतं. केवढा गदारोळ केला लोकांनी.

आण्णा६२
गदारोळ बरोबरच होता. किराणा आणायला गेलेल्या पोरांच्या समोर बाटल्या नकोत. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला तेव्हा सरकार जागेवर आलं. महसूल मिळतो म्हणून काहीही विकायचं का?

बागायतदार_दिंडोरी
शेतकऱ्याला विचारलं का कुणी? वाइनच्या द्राक्षाला करार असतो, भाव आधी ठरलेला. टेबल द्राक्षात, म्हणजे खायच्या द्राक्षात, एक गारपीट आली, एक निर्यातीचा कंटेनर परत आला की वर्ष गेलं. खप वाढला तर करार वाढतील. पोरांच्या समोर बाटली नको हे मलाही मान्य आहे, त्याला वेगळी खोली करा, पण खपच नको म्हणू नका.

गंगापूररोड
अहो बुधवार परवावर आलाय. हा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या ना प्लीज.

केमिकल_अंबरनाथ
हे घ्या, बुधवारसाठी एवढं करा. बाटल्या सकाळीच फ्रीजमधून काढून हॉलमध्ये ठेवा, संध्याकाळपर्यंत १८-१९ ला येतील, तेवढं चालेल. बाल्कनीत नको, सात वाजल्यानंतर तिथलं तापमान झपाट्याने उतरतं. विसरलात तर बादलीत कोमट पाणी, कोमटच, गरम नाही, त्यात दहा मिनिटं. ग्लास तिन्हींसाठी एकाच आकाराचे हवेत, तोंड जरा आत वळलेलं. प्रत्येक वाइन ५० मिली ओता. ७५० च्या बाटलीत अशा १५ ओती होतात म्हणजे चौघांना दोनदा चाखूनही जवळजवळ निम्मी उरते. मापाला कफ सिरपचं झाकण चालतं पण वास गेलेला पाहिजे. ग्लास साबणाने धुऊन कपाटात उपडे ठेवलेले असतील तर लाकडाचा वास धरतात, आधी साध्या पाण्याने विसळून घ्या. सांजोव्हेझे आधी, मग शिराझ, शेवटी कॅबर्नेवाली, कारण कॅबर्नेचं टॅनिन भारी असतं, ती आधी घेतली तर पुढची पातळ वाटते.

मंजिरी_के
आणि दिवेलागणीची उदबत्ती त्या दिवशी देवघराचं दार लावून लावा, चंदनाचा वास हॉलभर राहतो. डास मारायचं लिक्विड बंद. कुणी अत्तर लावून येऊ नका. मी अजून खायचं विचारलं होतं त्याचं उत्तर नाही आलं.

गंगापूररोड
खायला चकली, मसाला शेंगदाणे, चीजचे तुकडे. मागच्या वेळी मिरचीचा ठेचा आणि भाकरी पण होती, एकाने डबा आणला होता.

मंजिरी_के
झालं मग. मिरचीने जीभ भाजलेली असली की अल्कोहोल आणखी जळजळतं आणि तुरटपणाही वाढल्यासारखा वाटतो. चीजचं उलट, त्यातलं प्रोटीन आणि फॅट टॅनिनला धरून ठेवतं, सगळ्याच वाइन मऊ लागतात. प्यायला छान पण तुलना करायची तर दोन्ही नको. पहिली फेरी साधा पाव आणि पाणी. नंतर मग चकली, चीज, काय ते आणा. ठेचा त्या दिवशी नकोच.

हुरडापार्टी_मोहोळ
ठेचा नको म्हणजे काय जेवण झालं. म्हणून म्हणतो शेनिन घ्या.

स्टुटगार्टकर
इकडे आत्ता ख्रिसमस मार्केट लागलंय, सगळीकडे ग्लूवाइन. रेड वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, साखर घालून मंद गॅसवर ठेवायची, उकळू द्यायची नाही. थंडीत तिघींनाही हाच न्याय द्या, मी तर भारतातून येताना वेलची आणून घालतो. घरची आठवण येते.

रानमेवा
विकत कशाला घेताय, घरी करा. मी सोनाका द्राक्षं, साखर, यीस्ट घालून बरणीत एकवीस दिवस ठेवते. कडू अजिबात होत नाही.

बागायतदार_दिंडोरी
ताई सोनाका पांढरं आणि बिनबियांचं, त्याची रेड होणारच नाही. रंग आणि टॅनिन येतं सालीतून आणि बियांतून. वाइनचा मणी बारीक, साल जाड, आत बी, गर कमी. खायला कुणी घेणार नाही असा मणी. आणि घरी करायलाही लायसन लागतं बरं का.
गंगापूररोड, बाटलीवर तोडणीचं वर्ष बघून ठेवा. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (फांद्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात तोडणी होते सप्टेंबरच्या आसपास. त्यामुळे एकाच वर्षाची बाटली असली तरी आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. तुमच्या तिघींत एक २०२१ ची आणि एक २०२३ ची असेल तर जो फरक वाटेल तो द्राक्षाचा की वयाचा हे कळणार नाही.

केमिकल_अंबरनाथ
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अजून एक, नावं झाकून करा. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, अ ब क लिहा. महाग कोणती ते कळलं की माणूस तीच चांगली म्हणतो. आणि खरंच फरक कळतोय का ते बघायचं असेल तर तीन ग्लास द्या, दोनात एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, वेगळी ओळखायची. अंदाजाने तिघांतला एक जण बरोबर सांगतोच. पण चौघांनीही बरोबर ओळखली तर तो योगायोग असायची शक्यता ८१ मध्ये एक, म्हणजे खरंच कळतंय.

गंगापूररोड (गुरुवार, सकाळी ८:१५)
सगळ्यांचे मनापासून आभार, ऑफिसला निघता निघता लिहितोय. बाटल्या सकाळपासून बाहेर होत्या, पाव आणि पाणी, उदबत्ती नाही, पेपर गुंडाळलेले. शिराझ नाकाजवळ आणताच मिरी! तीच पावसाळ्यातली. तिघांनी ओळखली, चौथ्याला मिरीचा म सुद्धा येत नव्हता, त्याचं नाक एरवी इतकं तीक्ष्ण आहे की कुठल्या घरात काय शिजतंय ते जिन्यात सांगतो. सांजोव्हेझे वेगळी कळली, हलकी आणि आंबट, वरणभातावर पिळलेल्या लिंबासारखी स्वच्छ. पण शिराझ आणि ब्लेंड तीन ग्लासच्या खेळात आम्ही दोघंच बरोबर आलो, त्यामुळे तिथे फरक कळतो असं म्हणणार नाही. दोन्हीचं वर्ष एकच आहे, बघितलं. चौथ्याला मिरी का नाही आली?

केमिकल_अंबरनाथ
रोटंडोन नावाचा पदार्थ आहे, शिराझमध्येही असतो आणि खऱ्या काळ्या मिरीतही. मिरीचा वास त्याचाच हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधलं. साधारण पाचात एका माणसाला तो वासच येत नाही, बाकी नाक उत्तम असलं तरी. त्यांना सांगा काळजी करू नका. पुढच्या वेळी त्यांना फळाच्या आणि टॅनिनच्या अंगाने तुलना करायला लावा. आणि शिराझ-ब्लेंड न कळण्यात नवल नाही, ब्लेंडमध्ये शिराझ किती टक्के आहे ते मागच्या लेबलवर बघा, निम्म्याहून जास्त असेल तर अवघडच आहे. पुढच्या वेळी शुद्ध कॅबर्ने घ्या.

गंगापूररोड
लेबलवर टक्के लिहिलेलेच नाहीत. उरलेल्या निम्म्या बाटल्यांचं काय करू, शनिवारपर्यंत टिकतील?

मंजिरी_के
टिकतील. छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा म्हणजे वर हवा राहत नाही, सोड्याची काचेची बाटली चालते. तीन-चार दिवस आरामात.

शुभदा_कोथरूड
शिराझची उरली असेल तर मटणाच्या रश्शात अर्धी वाटी घाला, मटण शिजायला लागतानाच, शेवटी नाही. आमच्याकडे रविवारी तेच.

हुरडापार्टी_मोहोळ
मटणाच्या रश्शात वाइन? काळ्या मसाल्याच्या रश्शात? नका हो असं करू.